विषय: हंटिंगचे बूट, मापाबद्दल विचारायचंय

मंडळी नमस्कार,
ऑफिसातली गँग यंदा विस्कॉन्सिनला डियर सीझनला नेतेय, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो तो. कोर्स, लायसन्स, भडक केशरी जॅकेट सगळं झालंय, बूट तेवढे राहिलेत. भारतात मला ९ नंबर लागायचा, इथे तोच ऑर्डर करू का? आणि १२०० ग्रॅम इन्सुलेशनवाले घेतले की थंडीचं टेन्शन नाही ना? काका, तुम्ही जाता ना दरवर्षी?

---

अरे थांब, ऑर्डर करू नकोस. आपल्याकडचा ९ हा ब्रिटिश नंबर, इथला साधारण १० होतो, पण नुसत्या नंबरावर जाऊच नकोस. दुकानात जा, तेही संध्याकाळी, दिवसभरात पाय जरा फुगतो, आणि जंगलात घालणार तेच लोकरी मोजे बरोबर ने. तिथे ते ब्रॅनॉकचं धातूचं माप असतं त्यावर उभं राहून दोन्ही पाय मोज, मोठा पाय धरायचा. रुंदीपण बघ, इथला पुरुषांचा नेहमीचा बूट डी रुंदीचा, चवडा पसरट असेल तर सरळ डबल ई माग. लोक रुंदीला अडलं की लांबी वाढवतात, मग टाच आत खालीवर होते आणि फोड येतात ते वेगळेच.

नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकव, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी आवळून उतारावरून चाल, बोटं पुढे आपटली तर तो बूट तिथेच ठेव, कितीही सेल असू दे.

१२०० ग्रॅम म्हणजे बुटाचं वजन नव्हे रे, अस्तराचं, चौरस मीटरला. स्टँडवर, म्हणजे मचाणावर, तासन्‌तास बसणार असशील तर ८०० ते १२०० घे, फिरणार असशील तर २०० ते ४०० बास, नाहीतर घामाने मोजा भिजतो आणि बसल्यावर पाय गारठतात. आणि घट्ट बुटात १२०० पण फुकट, रक्त नीट फिरत नाही, अस्तर दबून त्यातली हवा जाते आणि ऊब त्या हवेचीच असते. त्यामुळे दोन दोन मोजे कोंबायचे नाहीत!

---

काकांना +१. कॉटनचे मोजे मात्र अजिबात नकोत, वाळतच नाहीत. टाच उचलत असेल तर घोट्यापाशी नाडीला एक वेढा जास्त दे. आणि सुरुवातीला घरातच घालून फिर हं, तळ मळले की बरीच दुकानं परत घेत नाहीत.

---

थँक्यू काका, थँक्यू वहिनी. शनिवारी संध्याकाळी जातोय, काका येता का? गाडी मी काढतो.