ॲना कारेनिनातून लेव्हिन वगळला तर काय बिघडतं?

माजघर (धागा)
टॉलस्टॉयच्या या कादंबरीत आठ भाग, आणि ॲनाची आणि जमीनदार लेव्हिनची अशा दोन कहाण्या आलटूनपालटून चालतात. माझं स्पष्ट मत : त्यांना जोडतं ते फक्त नातंगोतं. स्तीवा हा ॲनाचा भाऊ आणि लेव्हिनचा मित्र. स्तीवाची बायको डॉली म्हणजे लेव्हिनच्या बायकोची, किटीची बहीण. ॲना आणि लेव्हिन समोरासमोर येतात एकदाच, सातव्या भागात. त्या रात्री किटी चिडते, रडते, आणि विषय तिथेच संपतो. परतपरत येणाऱ्या खुणा म्हणाल तर सगळ्या ॲनाकडे : पहिल्या भागात रुळांवर चिरडलेला रेल्वेचा माणूस, लोखंडाशी खुडबुड करत पुटपुटणारा स्वप्नातला म्हातारा, लाल हातपिशवी. लेव्हिनकडे गवतकापणी आणि शेतीवरची चर्चा. यात सामायिक काय आहे?

रातवाचक
असहमत. मेणबत्ती विसरलात. तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे आजारी भाऊ निकोलाय लेव्हिनच्याच खोलीत, आडोशापलीकडे खोकत पडलाय. लेव्हिन उठतो, मेणबत्ती लावतो, आरशात कानशिलांवरचे पांढरे केस बघतो. आपणही मरणार हे त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगतं. आता सातव्या भागातलं सव्विसावं प्रकरण काढा. अफू घेऊन पडलेली ॲना विझत आलेल्या मेणबत्तीच्या उजेडात छताची नक्षी बघतेय. सावली एकदम सगळीकडे पसरते आणि तिला मृत्यू दिसतो. थरथरत्या हातांना काडेपेटी सापडत नाही. प्रसंग एकच, माणसं दोन.

माजघर
त्या काळात मेणबत्ती घरोघरी होती, नुसती दिसली म्हणून ती खूण होत नाही. माझी कसोटी अशी : दुसऱ्यांदा येताना तिने पहिल्या प्रसंगाचा अर्थ बदलायला हवा. दुसऱ्या भागात ॲना पहिल्यांदा प्रियकर व्रॉन्स्कीची होते, तेव्हा तो तिच्यापुढे उभा असतो तो फिकट चेहऱ्याने, खालचा जबडा थरथरत. चौदा प्रकरणांनी शर्यतीत तो चुकीच्या क्षणी खोगिरावर बसतो, फ्रू-फ्रूचा कणा मोडतो, आणि पडलेल्या घोडीला लाथ मारताना पुन्हा तोच फिकट चेहरा, तोच थरथरता जबडा. याला म्हणायचं पुनरावृत्ती. मागे वळून पहिला प्रसंग वाचला की अंगावर काटा येतो. पण दोन्ही टोकं ॲनाच्याच कहाणीतली!

तिसरा डबा
कसोटी मान्य, आणि तीच लावून बघू. शेवटी ॲना पहिल्या डब्याखाली झोकून देणार असते, पण लाल पिशवी हातातून सुटत नाही, तो डबा निघून जातो. दुसऱ्या डब्याची वाट बघावी लागते. तेवढ्या अवधीत ती क्रूसाची खूण करते, बालपण आठवतं, तरी ती थांबत नाही. लगेच पुढच्या, आठव्या भागात लेव्हिन. सुखी संसार, निरोगी मूल, आणि हा माणूस गळफास घेऊ नये म्हणून दोरी लपवून ठेवतो, गोळी झाडून घेईन या भीतीने बंदूक बरोबर नेत नाही. जगायचं कशासाठी, हा प्रश्न दोघांचा एकच. ॲनाचं मरण आधी वाचलेलं नसेल तर ती दोरी म्हणजे एका जमीनदाराची लहर वाटेल. वाचलेलं असेल तर छातीत धस्स होतं. अर्थ बदलला की नाही?

आणि वगळून काय होतं ते प्रत्यक्ष घडलेलं आहे. तुर्कांशी लढायला सर्बियाला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांबद्दलची टॉलस्टॉयची मतं न पटल्यामुळे संपादक कात्कोव्हने आठवा भाग, कादंबरी क्रमशः येत होती त्या मासिकात छापला नाही. नायिका मेली, कादंबरी खरं तर संपली, असं कळवून टाकलं. टॉलस्टॉयने १८७७ मध्ये तो भाग स्वतंत्र छापला.

रातवाचक
शिवाय टॉलस्टॉयने राचिन्स्की या परिचिताला लिहिलेलं १८७८चं पत्र आहेच : कमानी अशा जुळवल्यात की कमान पेलणारा मधला, कळीचा दगड दिसू नये, आणि जोड कथानकाचा किंवा ओळखीपाळखीचा नाही, आतला आहे.

माजघर
लेखकाचं पत्र हा पुरावा मी धरत नाही. दोरी मात्र धरतो, तो मुद्दा बिनतोड आहे. तरीही सहाव्या भागातल्या प्रांतिक निवडणुकांची प्रकरणं कुठल्या कमानीत बसतात ते कुणीतरी दाखवावं. तिथे लेव्हिन आणि व्रॉन्स्की एकाच सभागृहात आहेत, आणि मला अजून जोड सापडलेला नाही.