डिझाइन थिंकिंगचा आपल्या कारखान्यांना उपयोग आहे का? माझं मत: आहे

नाइटशिफ्ट (धागाकर्ता)

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटी बघतो. डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्या माणसाकडे जाऊन प्रश्न समजून घेणं आणि कच्चे नमुने करून उत्तर शोधणं. गेल्या महिन्यात एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, "डिझाइन थिंकिंग हे ॲप बनवणाऱ्यांचं काम, लोखंड ओतणाऱ्यांना त्याचं काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही. तिथं बोलायचं राहून गेलं, म्हणून इथं लिहितोय.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पंपाच्या एका कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं पडणारी भोकं, यायला लागले. रिजेक्शन वाढत गेलं. ऑफिसात चार मीटिंगा झाल्या. वाळू बदलली, ओतायचं तापमान वाढवून बघितलं. प्रत्येक बदल टेबलावर ठरला आणि प्रत्येकाला पैसे गेले. शेवटी मी आणि कोअर शॉपमधला (कोअर म्हणजे कास्टिंगची आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) एक मुलगा सलग दोन रात्री शॉपफ्लोअरवर बसलो. काही सुचवायचं नाही, कुणाची चूक काढायची नाही. बघायचं आणि विचारायचं, एवढंच.

आमचे कोअर दुपारपाळीत होतात आणि रात्री लागतात. रॅक शटरजवळ होता, कारण तिथून मोल्डिंगला, म्हणजे साचे करतात तिथं, जवळ पडतं. धूर जावा म्हणून शटर उघडं. त्यातून पावसाची ओल थेट रॅकवर. शिवाय हेल्पर पुढचे कोअर आधी उचलायचा, नवे परत पुढंच लागायचे, आणि मागच्या ओळीतले दोन-दोन दिवस तिथंच. सोडियम सिलिकेटनं वाळू बांधलेला कोअर ओल धरतो आणि मग ओतताना वायू सुटतो, हे आम्ही सगळे शिकलेलो. पण मागची ओळ परवाची आहे हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. हेल्परला माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

भंगारातल्या अँगलचा उतरता रॅक वेल्ड केला: मागून भरायचा, पुढून काढायचा. पहिला फसला, कोअर घसरून एकमेकांवर आपटले आणि कडा तुटल्या. दुसऱ्याचा उतार कमी केला तर कोअर पुढं सरकेनात. तिसरा चालला. तो आता आतल्या भिंतीला उभा आहे, आणि त्या कास्टिंगचे ब्लोहोल जवळजवळ थांबलेत.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं डी.स्कूल, म्हणजे डिझाइन शिकवणारी संस्था, २००५ च्या सुमारास सुरू झालं. तिथं हेच पाच पायऱ्यांत शिकवतात: माणसाला समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, कल्पना काढणं, कच्चा नमुना करणं, तो वापरून बघणं. माझ्या दृष्टीनं दुसरी पायरी सगळ्यात मोलाची. आमचा प्रश्न होता "वाळूत काय बिघडलंय?" दोन रात्रींनंतर तो झाला "कोअर तयार झाल्यापासून ओतेपर्यंत कुठं कुठं राहतो?" प्रश्न बदलला आणि उत्तर समोरच होतं.

जुना पॅटर्नमेकर

भावा, काम झकास केलंस. पण नवं नाव कशाला पाहिजे? मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न (साचा ज्यावरून काढतात तो नमुना) करत म्हातारा झालो. गिऱ्हाईक मोडका पार्ट पिशवीत घालून आणायचं. आमचे मेस्त्री आधी पार्टला हातच लावायचे नाहीत. म्हणायचे, "हे बसतंय कुठं? चालवतंय कोण? दिवसाला किती तास?" मग शेतावर जाऊन इंजिन बघून यायचे. ह्या गावानं ऑइल इंजिनं अशीच केली. आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघ. पावसाळ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायचे, पूर आणि गाळ जाऊ द्यायचा, पाऊस सरला की बरगे घालून पाणी अडवायचं. नदीची रीत बघितल्याशिवाय ते सुचत नाही.

आणि जपान्यांनीबी हेच सांगितलं. टोयोटाचे ताईइची ओनो म्हणायचे, जागेवर जा आणि पाच वेळा "का" विचार. तुझ्या दोन रात्री म्हणजे तेच. नाव बदललं की सल्लागार येतो, फी येते, आणि कामगाराला वाटतं अक्कल बाहेरून आली. माझा विरोध त्याला आहे.

नाइटशिफ्ट

काका, मेस्त्रींबद्दल शंभर टक्के मान्य. पण एक सांगा, तुमच्या मेस्त्रींची पद्धत आज उद्यमनगरात किती जणांकडे आहे? ते गेले आणि त्यांच्यासोबत तीही गेली. नाव आणि पायऱ्या असल्या की नव्या पोराला शिकवता येतं. शिवाय "दोन रात्री नुसता बसतो" म्हणालो असतो तर मालकांनी परवानगी दिली नसती. पद्धतीचं नाव सांगितलं, एक पानाचा आराखडा दिला, तेव्हा मिळाली.

आणि हा विचार एका कॉलेजचा माल नाही. अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं की आहे ती परिस्थिती हवी तशी करायला जो मार्ग आखतो तो डिझाइन करतो. त्याआधी १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं भारत सरकारला दिलेल्या अहवालात चांगल्या डिझाइनचा नमुना म्हणून आपला तांब्या निवडला होता. डोक्यावर, कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, असे प्रश्न त्यांनी त्याला विचारले. तुमचे मेस्त्री पार्टला विचारायचे तसेच.

दूधसंकलन

मी एका सहकारी संस्थेत आहे, नाव लिहीत नाही. आमच्याकडे ह्या विषयाची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. हॉटेलचा हॉल, रंगीत चिठ्ठ्या, गट. सूचना खरंच चांगल्या होत्या. पहाटे संकलनाला येणाऱ्या बायकांनी सांगितलं की फॅट लागली की आकडा त्यांना दिसत नाही, चिठ्ठी हातात येईपर्यंत रांग पुढं गेलेली असते, शंका विचारायला जागाच उरत नाही. आकड्याची पाटी त्यांच्या बाजूला फिरवा, इतकंच मागणं होतं. भिंतीचा फोटो निघाला. पाटी आजही आतल्या बाजूला आहे.

कारण ज्यांच्या सहीनं पाटी फिरणार होती ते उद्घाटनाला बसले आणि चहानंतर गेले. पुढच्या वर्षी पुन्हा कार्यशाळा झाली, तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "आमचं काही नाही, सगळं बरं आहे." विचारून काही न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. तुमचा रॅक झाला कारण तुमच्या हातात वेल्डिंग मशीन होतं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यासाठी ही पद्धत काय करते?

वॉर्ड नंबर तीन

मी नर्स आहे. आमच्या क्षेत्रातलं एक गाजलेलं उदाहरण देते. जीई कंपनीचे डग डिट्झ स्वतः घडवलेलं एमआरआय यंत्र बघायला दवाखान्यात गेले, तर एक लहान मुलगी त्याला भिऊन रडत होती. त्यांनी यंत्राच्या आत हात घातला नाही. खोली आणि यंत्राचा बाहेरचा भाग समुद्री चाच्यांच्या जहाजासारखा रंगवला, तपासणीची गोष्ट केली. मुलांना गुंगी देण्याची गरज बरीच कमी झाली.

आमच्याकडे रंगाला पैसे नव्हते. गगनबावडा, शाहूवाडीकडचे पेशंट दुपारी डिस्चार्ज घ्यायचे, आणि गोळ्या समजावताना नातेवाइकांचं सगळं लक्ष शेवटच्या एसटीकडे. चार दिवसांनी तेच पेशंट चुकीच्या गोळ्या घेऊन परत. आम्ही समजावणं सकाळच्या राउंडनंतर घेतलं आणि पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायला लागलो. ह्याला कुणाची सही लागली नाही. दूधसंकलन ताई, तुमचा मुद्दा खोटा नाही, पण सहीशिवाय होणारंही पुष्कळ असतं आणि ते आपण शोधत नाही.

(मी ताई धरून चालले, दादा असाल तर माफ करा.)

सुभाषनगरकर

आमचं घर चपलांचं. वादीनं शिवलेल्या, खिळा नसलेल्या. आमच्याकडे डिझाइन शिकणारी मुलं येतात, दोन दिवस बसतात, फोटो काढतात, आईला वेणी कशी घालते ते विचारतात. मनानं चांगली असतात. नमुने करून नेतात आणि परत येत नाहीत. समजून घेणं त्यांचं झालं, आमचं काय?

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. तरी जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तशीच चप्पल आली, आपलं नाव न घेता. ओरड झाली, मग त्यांनी भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं इथं बघायला आली. म्हणजे पहिली पायरी शेवटी. मला पद्धतीत एक पायरी कमी वाटते: ज्याच्याकडून शिकलास त्याला काय देणार, हे आधी ठरवणं. ती नसेल तर हे समजून घेणं म्हणजे दुसऱ्याचं कसब उचलणं.

बरगे

आणखी एक उदाहरण. आफ्रिकेत 'प्लेपंप' नावाची योजना आली होती: मुलं चक्रावर खेळतील आणि पाणी वर येईल. जगभर कौतुक झालं. मोझांबिकच्या गावांत शेवटी बायकाच ते जड चक्र ढकलत होत्या, साधा हातपंप त्यांना बरा होता. कल्पना सुंदर होती, देणाऱ्यांना आवडली.

नाइटशिफ्ट

तिथं वापरून बघण्याची पायरीच नीट झाली नाही. गावात सहा महिने एक पंप चालवून बघितला असता तर कळलं असतं.

बरगे

इथंच माझी हरकत आहे. फसलं की म्हणायचं पद्धत नीट वापरली नाही, चाललं की श्रेय पद्धतीला. मग ती चुकू शकते असं कधी ठरणार? २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण बघितला. तिथं चिठ्ठ्या लावून काय होणार? धरणातला विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं, महामार्गाचा भराव, ह्याला गणित आणि कायदा लागतो.

नाइटशिफ्ट

हे मला मान्य करावं लागेल. विसर्गाचं गणित अशानं सुटणार नाही. आमच्याही फौंड्रीत लोखंडाची केमिस्ट्री बिघडली तर स्पेक्ट्रो रिपोर्टच (धातूतल्या घटकांची तपासणी) बघायचा, रात्री जागून उपयोग नाही. पण पुराचा इशारा मिळूनही माणसं घर का सोडत नाहीत, जनावरं कुठं न्यायची म्हणून थांबतात का, हा प्रश्न गोठ्यात बसल्याशिवाय कळणार नाही. तिथं मी ही पद्धत सोडणार नाही.

जुना पॅटर्नमेकर

एकच विचारतो. ज्या हेल्परनं मागच्या ओळीचं सांगितलं, त्याला काय मिळालं?

नाइटशिफ्ट

काका, काही नाही. तो ठेकेदाराकडचा आहे आणि आमची सूचना-बक्षीस योजना फक्त कायम कामगारांना आहे. सुभाषनगरकरांचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. योजना ठेकेदारी कामगारांनाही लागू करावी असा अर्ज आज लिहिला, त्यात रॅकची कल्पना कुणाच्या सांगण्यावरून निघाली तेही लिहिलंय. सोमवारी मालकांना देतो. काय उत्तर येतं ते इथंच लिहीन.

जुना पॅटर्नमेकर

लिही. आणि रविवारी रॅक बघायला येतो, उताराचा कोन मोजायचा आहे.