अनुभव धागा: आपल्याला जे येतं ते दुसऱ्याच्या कामी कसं आलं?

दान म्हटलं की आधी पैसेच आठवतात, आणि पैसे लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्यात कुणी छान शिवतं, कुणी हिशेबात पक्कं आहे, कुणाचा आवाज चांगला आहे, कुणी नुसतं चिकाटीने फोन करून करून एखादं काम तडीला नेतं. हे कुणासाठी वापरलंय का, सुरुवात कशी झाली, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला नक्की काय हवंय ते कसं कळलं, हे वाचायचंय. काम मोठंच असलं पाहिजे असं मुळीच नाही. माझ्यापासून सुरुवात करते.

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पहिल्याच धड्यानंतर एका मुलाने सांगितलं, "ताई, भाव घालून वाचू नका, मी दुप्पट स्पीडने ऐकतो, तेव्हा फक्त स्पष्ट वाचा." तेव्हापासून तो सांगेल तसं. तक्ता आला की आधी रकाने किती, ओळी किती ते सांगायचं, मग प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव परत घ्यायचं, नाहीतर दोन ओळी पुढे गेल्यावर कुठला आकडा कशाचा हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. 'शेजारील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं आलं की थांबून आकृती शब्दांत सांगायची, पण जे दिसतंय तेवढंच, अर्थ त्याचा त्याला लावू द्यायचा.

ब्रेलचा इतिहास मला या कामात फार जवळचा वाटतो. उठावाच्या ठिपक्यांची पद्धत आधी चार्ल्स बार्बिए नावाच्या एका डोळस फ्रेंच माणसाने काढली होती, पण त्यात एका चिन्हाला १२ पर्यंत ठिपके, ते बोटाच्या एका स्पर्शात मावेनात. लुई ब्रेल स्वतः अंध, शाळकरी वयाचा पोरगा, त्याने ते ६ वर आणले आणि १८२९ मध्ये ती पद्धत छापून आली. ज्याची गरज त्यालाच जास्त कळतं हो, आपण आधी ऐकून घ्यायचं.

सुईदोरा:
खूप छान धागा! माझं शिवणकाम. सासूबाईंना पॅरालिसिस झाला, उजवा हात वर जाईना, आणि रोज कपडे घालताना त्यांना इतका त्रास व्हायचा की त्या अंघोळच टाळायला लागल्या. फिजिओथेरपिस्टने शिकवलं की घालताना आधी दुखरा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. त्याने बराच फरक पडला, पण डोक्यावरून कपडा घालणं काही जमेना, मग मी गाऊन खांद्यापासून बाजूने पूर्ण उघडा केला आणि वेल्क्रो लावलं. समोरून बघितलं तर कळत पण नाही. त्यांच्या थेरपीच्या ठिकाणी दुसऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि तिथून सुरू झालं ते आजपर्यंत चालूच आहे.

व्हीलचेअरवर बसणाऱ्यांच्या पॅंटी तर मला त्या लोकांनीच शिकवल्या. बसल्यावर मागून पॅंट खाली ओढली जाते आणि पुढे पोटाशी गोळा होते, म्हणून मागची उंची वाढवायची, पुढची कमी करायची. मागचे खिसे काढून टाकायचे, तिथली शिवण जाड नको, कारण दिवसभर एकाच जागी दाब पडला की जखमा होतात, आणि ज्यांना तिथे संवेदनाच नाही त्यांना ते वेळेवर कळतही नाही. एका ताईंनी मला आवर्जून सांगितलं, "सोयीचं कर पण पेशंटचा कपडा वाटेल असं करू नकोस, मला लग्नाकार्यात घालायचंय." ते मी कायम लक्षात ठेवते, रंग आणि कापड त्यांनीच निवडायचं. कपडा फुकट शिवला म्हणून आवडही आपलीच चालवायची हे मला पटत नाही.

जमाखर्च:
मी छोट्या संस्थांचे हिशेब लिहून देतो. देणगीदारांना मुलं, पुस्तकं, झाडं यासाठी द्यायला आवडतं, पण पावत्या लावायला आणि बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणी करायला कोण पैसे देणार? आणि ऑडिट अडकलं की पुढची मोठी देणगीही अडकते. काम करणारी माणसं अतिशय तळमळीची असतात, पण व्हाउचर पिशवीत कोंबलेली. मी त्यांचं काम वर्षानुवर्षं स्वतः करत बसत नाही, त्यांच्यातल्याच एकाला शेजारी बसवून शिकवतो. मी नसलो तरी चाललं पाहिजे.

रिकामी_दुपार:
मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या नकाशावर, नकाशे काढते, सॅटेलाइट फोटोवरून घरं आणि रस्ते. २०१० च्या हैती भूकंपात जगभरच्या लोकांनी घरबसल्या असाच नकाशा भरला होता आणि मदतपथकांनी तो वापरला. छप्पर कुठलं आणि सावली कुठली हे ओळखायला जरा वेळ लागतो, मग हात बसतो. घराबाहेर पडता येत नाही त्यांनी जरूर बघा.

पैसेच_देतो:
थोडा वेगळा सूर लावतो. माझ्याकडे वेळ नाही, घरी आजारपण आहे, मी दरमहा ठरावीक रक्कम देतो आणि ती कशासाठी वापरा अशी अट घालत नाही. भाडं, पगार, वीजबिल यांना पैसे नसतील तर तुमची कला तिथे पोचणार कशी? २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते, कुणी मागितले नव्हते ते. तेव्हा पैसे देणाऱ्याला कमी लेखू नका एवढंच म्हणणं.

धागाकर्ती:
अगदी मान्य, आणि अट न घालता देणं हे फारच मोलाचं आहे. काळजी घ्या घरी.

अर्जविनंती:
निवृत्त कारकून आहे. कला वगैरे काही नाही, पण अर्ज कसा लिहायचा, सोबत कुठले कागद जोडायचे, कुठली पोच घ्यायची हे आयुष्यभर केलं. आता दवाखान्यात बसून लोकांना मदतनिधीचे फॉर्म भरून देतो. फॉर्मवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का हे आधी बघतो, बहुतेक अर्ज तिथेच परत येतात. घरात माणूस आजारी असताना खिडकीवरून परत पाठवलं की काय वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, तो एक हेलपाटा वाचला तरी मला समाधान आहे.

नवी_सुरुवात:
सुईदोरा ताई, माझ्या वडिलांना अशीच बंडी शिवायची आहे. मशीन आहे, येतंही थोडंफार. वेल्क्रो टोचतं अशी त्यांची तक्रार आहे, काय करू?

सुईदोरा:
खरखरीत पट्टी अंगाकडे येऊ द्यायची नाही, तिचं तोंड बाहेर ठेवायचं आणि मऊ पट्टी वरच्या पल्ल्याला आतून लावायची. कडा दुमडून शिवा, कापलेली कडच जास्त टोचते. आणि धुताना बंद करून धुवा, नाहीतर दोरे अडकून धरत नाही नीट. त्यांचा कुठला हात अवघडलाय ते सांगा, त्याप्रमाणे कुठून उघडी ठेवायची ते कळवते.