कमावता नवरा, देखणी बायको: हे रक्तातलं की परिस्थितीतलं? (चर्चेचा धागा; नावं लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

तळटीप:
वधू-वर मंडळाची कुठलीही पुस्तिका उघडा. मुलाच्या नावापुढे पगार, पॅकेज, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. मुलीच्या पुढे गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. हे सगळं आपल्या ठरवून केलेल्या लग्नांचं खूळ आहे असं म्हणून आपण हसतो. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी 1989 साली 37 संस्कृतींतल्या दहा हजारांवर लोकांना 'जोडीदार कसा हवा' असं विचारलेली पाहणी प्रसिद्ध केली, आणि निकाल आपल्या पुस्तिकेसारखाच निघाला. 37 पैकी 36 ठिकाणी 'जोडीदार कमावता हवा' यावर बायकांचा भर पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त. पुरुषांना आपल्यापेक्षा लहान बायको हवी, हे तर 37 च्या 37 ठिकाणी. झांबियापासून स्वीडनपर्यंत सगळ्यांच्या आज्या सारखंच शिकवतात असं मानायचं का?

याचं कारण अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्येच सांगून ठेवलंय. पिल्लासाठी ज्याला जास्त झिजावं लागतं तो जोडीदार निवडताना चोखंदळ होतो, आणि दुसरा त्याच्यासाठी स्पर्धा करतो. माणसात नऊ महिने पोट आणि पुढे अंगावर पाजणं बाईच्या वाट्याला, म्हणून ती पारखून घेते. पडताळा हवा असेल तर पावसाळ्यात कमळांच्या तळ्यावर जा. कमळपक्ष्यात अंडी उबवतो नर, पिल्लं सांभाळतो नर. मादी आकाराने मोठी, भांडखोर. एका नराला चार अंडी देऊन दुसऱ्याकडे जाते. कष्ट उलटे झाले की वागणंही उलटं. माझं मत: आकर्षणाचा पाया जैविक आहे, संस्कृती वरून रंग देते.

शंकेखोर:
बसची यादी अर्धीच वाचून दाखवलीत. त्याच अभ्यासात स्त्री-पुरुष दोघांनीही पैसा आणि रूप यांच्या वर काय ठेवलं? मायाळू, समजूतदार स्वभाव आणि बुद्धी. त्यावर धागा कोणी काढत नाही. शिवाय लग्नाआधी कौमार्य हवं का, यावर भारत, चीन, इराण एका टोकाला आणि स्वीडन, नेदरलँड्स पार दुसऱ्या. हा फरक स्त्री-पुरुष फरकापेक्षा कितीतरी मोठा. मग तो पण जैविक म्हणायचा का?

आणि 1999 मध्ये मानसशास्त्रज्ञ अॅलिस ईगली आणि वेंडी वूड यांनी बसचेच आकडे घेऊन देशोदेशीच्या समानतेच्या निर्देशांकांशी ताडून पाहिले. जिथे बायकांच्या हातात सत्ता-पैसा जास्त, तिथे 'कमावता नवरा' हा आग्रह कमी, आणि पुरुषांचा 'घरकाम येणारी बायको' हा आग्रहही कमी. कमाईची दारं बंद असतील तर कमावता नवरा शोधणं याला साधा व्यवहार म्हणतात.

तळटीप:
@शंकेखोर, ईगली-वूडनंतरही पाणी वाहिलंय. 2020 मध्ये 45 देशांतल्या चौदा हजारांवर लोकांवर मोठा पडताळा झाला. पैसा, रूप, वय यांतले फरक परत दिसले. समानतेशी ठामपणे जुळलं ते फक्त वयाचं अंतर.

गदाधारी:
एवढं कशाला? फ्लोरिडातला प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. 1978 आणि 1982 मध्ये कॉलेजच्या आवारात अनोळखी मुलीने विचारलं 'आज रात्री माझ्यासोबत झोपशील का', तर सुमारे 75 टक्के पुरुष हो म्हणाले. मुलाने विचारलं तर एकही मुलगी तयार नाही. विषय संपला.

रानमेवा:
विषय सुरूही झाला नाही अजून. त्याच प्रयोगात 'आज संध्याकाळी फिरायला येशील का' हाही प्रश्न होता, आणि त्याला निम्म्याच्या आसपास मुलींनी हो म्हटलं; मुलांचं प्रमाणही तेवढंच. म्हणजे मुलींना मुलं नको नव्हती. अनोळखी माणसाच्या खोलीवर रात्री एकटीने का जायचं नाही, हे समजायला अश्मयुगात जावं लागत नाही, शेवटची लोकल पुरते.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो फिंकेल आणि ईस्टविक या मानसशास्त्रज्ञांचा 2009 चा प्रयोग. स्पीड डेटिंगमध्ये रिवाज असा, की मुली जागेवर बसतात आणि मुलगे चार-चार मिनिटांनी टेबलं बदलतात. यांनी अर्ध्या कार्यक्रमांत मुलींना फिरवलं. लगेच मुलींचा जास्तीचा चोखंदळपणा नाहीसा! उठून समोरच्याकडे जाणाऱ्याला समोरचा जास्त आवडू लागतो, एवढीच गंमत.

आता आपले कांदेपोहे बघा. चालून येतो मुलगा, बसलेली असते मुलगी. या हिशेबाने चोखंदळ मुलगी असायला हवी. पण ट्रे धरून आलेल्या माझ्या मावशीला 'मुलगा आवडला का' असं कोणी विचारलं नव्हतं. 'कळवतो' म्हणून निघून जाणारे ते. म्हणजे खुर्ची कोणाची यापेक्षा नकार द्यायची मुभा कोणाला, यावर सगळं ठरतं. ही मुभा जनुकं देत नाहीत, घर देतं.

बार्शीलाईट:
तुम्ही लोक पुस्तकातून बोलताय, मी गावातून बोलतो. आमच्याकडे एक पोरगा आहे, बारा एकर बागायत, द्राक्षं, ट्रॅक्टर, निर्व्यसनी. पाच वर्षं स्थळं बघतोय. त्याचा चुलतभाऊ चाकणला कंत्राटी कामगार, हातात अठरा हजार, भाड्याची एक खोली. त्याचं लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं. बाईला 'संसाधनं' हवीत म्हणता, तर मग बारा एकरवाला बिनलग्नाचा का?

मुलींना विचारा, सरळ सांगतात. पहाटे उठून जनावरांचं शेण काढणं, वीज रात्री येते म्हणून रात्रीचं पाणी धरणं, सासू-सासरे-दीर सगळे एका चुलीवर. एका खोलीत असलं तरी राज्य तिचं. ती त्याची मालमत्ता मोजत नाही, स्वतःचा दिवस कसा जाईल ते मोजते.

आणि मुली आहेतच किती? सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात 2001 ला 913 मुली होत्या, 2011 ला 894. ती पोरं आता लग्नाची झाली किंवा होतायत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. लोक फोटो बघून हसले.

अर्धाकप:
बारा एकर बागायत?? पत्ता पाठवा, आमच्या शेजारी एक एमबीए आहे. (ती म्हणते ड्रायव्हरसकट हवं.)

तळटीप:
@बार्शीलाईट, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ज्या लिंगाची संख्या कमी ते अधिक निवडक होतं, हे प्राण्यांतही दिसतं. आणि जमीन म्हणजे आज स्थिर उत्पन्न राहिलेलं नाही. अवकाळी पाऊस आणि भाव बघता मुलीचा बाप महिन्याच्या पगाराला भरवशाचं धरतो, एवढंच.

शंकेखोर:
हेच ते. शेतकरी नाकारला तर 'स्थैर्य हवं', स्वीकारला असता तर 'जमीन हवी'. दोन्हीकडून तुमचाच सिद्धांत जिंकतो. काय दिसलं तर तुम्ही तो सोडाल, ते आधी सांगा.

तळटीप:
सांगतो की. नर अंडी उबवतो तिथेही मादीच चोखंदळ आणि नरच भांडखोर निघाले असते, तर ट्रिव्हर्स तिथेच बुडाले असते. आणि माणसांत, 37 पैकी निदान आठ-दहा संस्कृतींत पुरुषांनी वयाने मोठी बायको मागितली असती, तर मी हा धागा काढलाच नसता.

बार्शीलाईट:
वयाचं घ्या, मान्य. पण बसच्या प्रश्नावलीत जोडीदाराच्या अठरा गुणांना मार्क द्यायचे होते ना? आमच्या मेळाव्यात मुलीकडचे पगाराच्या आधी एकच विचारतात: शेतात जावं लागेल का? हा अठरातला कितवा?