कोकराचा पाय मोडणारा मेंढपाळ बायबलमध्ये आहे का?

ऐरोलीची_टीचर

सर्वांना जय ख्रिस्त. मी ऐरोलीत राहते, आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. सध्या स्तोत्र २३ चालू आहे. पाठ सगळ्यांचं आहे, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हटलं की अर्धा वर्ग घडाघडा शेवटापर्यंत जातो. गाडी अडलीय चौथ्या वचनापाशी: "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात."

झालं असं, की मध्यंतरी एका घरगुती प्रार्थनासभेत बाहेरगावच्या एका उपदेशकांनी गोष्ट सांगितली. कोकरू सारखं कळप सोडून पळत असेल तर मेंढपाळ काठीने त्याचा पाय मोडतो, हाड जुळेपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन फिरतो, आणि मग ते जन्मभर त्याला सोडून जात नाही. मोठी माणसं आमेन म्हणाली. माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर तिथे होती. पुढच्या रविवारी तिने विचारलं, "टीचर, आमच्या आजोबांचा पाय पण देवानेच मोडला का?" आजोबा बाथरूममध्ये घसरून पडलेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय. मी लगेच नाही म्हटलं. पण "मग काठी कशाला?" हा तिचा पुढचा प्रश्न अजून उभाच आहे.

तर ही गोष्ट शास्त्रात कुठे आहे का? आणि काठीने धीर येतो म्हणजे काय, ते मुलांना दिसेल असं कुणी सांगेल का? आमच्या पोरांना खाडीतले फ्लेमिंगो ओळखता येतात, मेंढरू मात्र चित्रातलंच.

खांडवाला_घणसोली

ताई, मी ख्रिस्ती नाही, धनगर आहे. मेंढरांचं विचारलंय म्हणून मध्ये बोलतो. माझा धंदा टेम्पोचा, पण मामाची खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, अजून आहे. फलटणकडून दिवाळी झाली की निघतात, घाट उतरून कर्जत-पनवेलच्या अंगाला येतात, पाऊस तोंडावर आला की परत वर. भात काढलेल्या वावरात रात्री मेंढरं बसवायची. लेंडीखत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य नाहीतर पैसे. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्यात असायचो.

पाय मोडायची गोष्ट ज्याने रचली त्याने एक मेंढरू सांभाळलेलं नाही. वाडा, म्हणजे आमचा मेंढरांसकटचा तळ, एका जागी राहत नाही, आज इथे तर उद्या पुढच्या गावात. पाय मोडलेलं जनावर चालणार कसं? घोड्यावर टाकावं तर घोड्यावर आधीच सगळं बिऱ्हाड: भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं. दगडात अडकून नाहीतर गाडीच्या धक्क्याने एखाद्याचा पाय गेला तर मामी बांबूच्या कामट्या लावून लुगड्याच्या चिंधीने आवळून बांधायची, आणि बांधून होईपर्यंत गाडीवाल्याच्या सात पिढ्या काढायची. हे दुखणं कोण मुद्दाम ओढवून घेईल? वर परत, ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्या मागे मेंढरू येत नाही. त्याला बघितलं की लांबून जातं. ते चालतं आवाजावर.

आता काठी. मामाची काठी त्याच्या खांद्याला लागते, वरचं टोक हाताच्या घामाने काळं आणि गुळगुळीत झालेलं. दिवसातला निम्मा वेळ तिच्यावर हनुवटी टेकून उभा असतो. हायवे ओलांडायचा झाला की काठी आडवी धरतो, पुढची मेंढरं जागच्या जागी थांबतात. मागे एखादं रेंगाळलं तर त्याच्या बाजूला जमिनीवर आपटतो. जमिनीवर, मेंढराच्या अंगावर नाही. झुडपात हात घालायच्या आधी काठी घालतो, साप असतो. काठी खरी जोरात बसते ती लांडग्याला.

आकडी वेगळी. लांब बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा. बाभळीची उंच फांदी ओढायची, पाला-शेंगा खाली पाडायच्या. आकडी उचलली की सगळी खांड पळत येऊन पायात घुसते, उभं राहायला जागा देत नाही. तुमच्या त्या ओळीत आकडी धीर देते असं लिहिलंय, मला तर त्यात अडण्यासारखं काही दिसलं नाही.

कोपरीचा_मास्तर

खांडवाले, तुम्ही माझं निम्मं काम केलंत. तुमच्या आकडीने पाला पडतो आणि पवित्र भूमीतला मेंढपाळ बाळगायचा तो दंडुका आणि लांब काठी, एवढा फरक आहे. दंडुका श्वापदासाठी, काठी टेकायला आणि हाकायला. पण मेंढराच्या बाजूने बघायचं हे तुम्ही बरोबर धरलंत. स्तोत्रात बोलणारं मेंढरूच आहे ना!

ताई, सरळ उत्तर: ही गोष्ट बायबलमध्ये कुठेही नाही. लूक १५ मध्ये हरवलेलं मेंढरू सापडल्यावर मेंढपाळ ते आनंदाने खांद्यावर घेतो, इतकंच आहे. पाय मोडल्याचं अवाक्षर नाही. उलट यहेज्केल ३४ काढून बघा. तिथे देव इस्राएलाच्या मेंढपाळांवर, म्हणजे पुढाऱ्यांवर, संतापलाय, आणि त्यांच्यावरच्या आरोपांतला एक असा की मोडलेल्याला तुम्ही पट्टी बांधली नाही, जुलमाने आणि कठोरपणे सत्ता चालवली. पुढे १६ व्या वचनात तो म्हणतो, हरवलेल्याला मी शोधीन, मोडलेल्याला पट्टी बांधीन. म्हणजे कामट्या बांधणारी मामी यहेज्केलाच्या देवाच्या बाजूची, आणि ते उपदेशक कुठल्या बाजूचे ते त्यांनीच ठरवावं. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, कोकराचंसुद्धा हाड मोडायचं नाही अशी आज्ञा होती (निर्गम १२:४६), आणि वधस्तंभावर येशूचे पाय मोडले नाहीत तेव्हा योहानाने तीच आठवण काढलीय. रोममधल्या भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी रंगवलेला मेंढपाळ बघा, जनावर खांद्यावर आणि पाय त्याच्या मुठीत. धडधाकट पाय आहेत.

काठीचं शास्त्रात एकच काम नाही. मला सगळ्यात आवडतं ते मोजण्याचं. लेवीय २७:३२: मेंढरं काठीखालून एकेक करून जातात आणि दर दहावं परमेश्वराचं. काठी आडवी धरून अरुंद वाटेने एकेकाला सोडायचं. मुलांना हे वर्गात करून दाखवता येईल: दारात पट्टी आडवी धरा, एकेकाला खालून जाऊ द्या, प्रत्येकाचं नाव घ्या. जो गैरहजर असेल त्याची जागा लगेच लक्षात येते. काठीखालून गेलेल्याला ठाऊक असतं की आपण मोजणीत आहोत. भीती जायला याहून जास्त काय लागतं?

दुसरं, श्वापदाचं. दावीद शौलाला सांगतो की मी बापाची मेंढरं राखताना सिंह आणि अस्वल मारलं. पुढे तो गल्याथासमोर हातात काठी घेऊनच जातो, आणि तो धिप्पाड माणूस चिडतो की मी काय कुत्रा आहे? मुलांना हा भाग फार आवडतो, अनुभवाने सांगतो. मोशेची काठीही मूळची सासऱ्याची मेंढरं वळायची.

कळवा_खारेगाव

मास्तर, सगळं गोड गोड करून टाकलंत. नीतिसूत्रे १३:२४ विसरलात? जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो. पौल करिंथकरांना विचारतो, काठी घेऊन येऊ की प्रीतीने? प्रकटीकरणात तर लोहदंड आहे. आजकाल शिस्त हा शब्द काढला की मंडळीतले लोक तोंड फिरवतात. पाय मोडायची गोष्ट खोटी असेल, पण त्या उपदेशकाचा हेतू वाईट नव्हता.

कोपरीचा_मास्तर

हेतूबद्दल मी काही म्हटलेलं नाही. शिस्त आहेच, नाकारतोय कोण? पण कुठली काठी कुणासाठी ते बघा. नीतिसूत्रांतली छडी बापाच्या हातातली. स्तोत्र २ आणि प्रकटीकरणातला लोहदंड उठलेल्या राष्ट्रांवर, मडक्यासारखा चुराडा करणारा. तो कळपातल्या चुकार कोकरावर उगारलेला मला तरी कुठे सापडला नाही. तुमच्या बाजूचं एक वचन मीच देतो: यहेज्केल २०:३७. तिथेही लोक काठीखालून जातात, पण लगेच पुढच्या वचनात बंडखोर वेगळे काढले जातात. तेव्हा मोजणीतही निवाडा आहे, मान्य. पण निवाडा म्हणजे घसरून पडलेल्या म्हाताऱ्याचं हाड नव्हे. एका लहान पोरीच्या डोक्यात देव आजोबांच्या मागे दांडकं घेऊन उभा राहिलाय, आणि ते काढण्याची जबाबदारी ताईंवर येऊन पडलीय. मला राग त्याचा आहे.

तलावपाळी_कॅथलिक

आमच्याकडे ही काठी डोळ्यांनी बघायला मिळते. दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायच्या विधीला, बिशप येतात तेव्हा त्यांच्या हातात असते, वरून गोल वळलेली. माझा भाचा वेदीसेवक आहे, एकदा ती सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं. खांद्यावरून शालीसारखं कापड घेऊन त्याच्या टोकातूनच धरायची, उघड्या हाताने नाही. घरी येऊन दंड चोळत बसला होता, धातूची म्हणजे वजन असतं.

तिचा जुना अर्थ तीन भागांत सांगतात: वरच्या वळणाने ओढून घे, मधल्या दांड्याने सांभाळ, खालच्या टोकाने टोच. टोचायचं टोक आळशांसाठी, कळवाकरांना आवडेल. स्पेनमधल्या तोलेदोच्या ६३३ सालच्या धर्मसभेतही बिशपच्या अधिकारचिन्हांत काठी आहे. आणि ही काठी बिशपला द्यायची कुणी, राजाने की चर्चने, यावर युरोपात पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. ११२२ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या करारात सम्राटाने अंगठी आणि काठी देण्याचा हक्क सोडला. पोपच्या हातात मात्र वळलेली काठी नसते, त्यांच्या दंडावर क्रूस असतो.

आमच्याकडे काठी घेऊन चालताना वळण लोकांच्या दिशेला ठेवतात. मुलांना तेवढं सांगितलं तरी पुरे, ते ओढून घ्यायला आहे.

ऐरोलीची_टीचर

सगळ्यांचे आभार. पट्टीखालून जायचं या रविवारी करते, वर्गाचं दार अरुंदच आहे. त्या मुलीच्या घरी यहेज्केल ३४ घेऊन जाणार आहे, आजोबांनाच वाचायला लावीन, आवाज खणखणीत आहे त्यांचा.

खांडवाले दादा, मामांची मेंढरं खाली उतरली की मुलांना घेऊन आलं तर चालेल का? मामींना त्रास होणार नसेल तरच.

खांडवाला_घणसोली

या की. दिवाळीनंतर वाडा कुठे पडलाय ते कळवतो. सकाळी लवकर या, ऊन चढलं की मेंढरं रानात गेलेली असतात. पोरांना बूट घाला, बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. कुत्र्यांना हात लावू देऊ नका, मामा बरोबर असेपर्यंत ठीक असतात. आणि मामीसाठी चहापावडर आणा, रानात नेमकी तीच संपते.