पोहण्याच्या स्पर्धेला पुण्यात गेल्यावर तिथली ताजी बिअर शोधावी का?

जळगावचा फ्रीस्टाइलवाला
मास्टर्सच्या, म्हणजे प्रौढ जलतरणपटूंच्या स्पर्धेसाठी पुण्यात बालेवाडीला निघालो की आमच्या गटात हा वाद ठरलेला. माझं मत असं, की शेवटची शर्यत झाली की तिथेच बनलेली ताजी बिअर शोधून प्यावी. घरी मिळते तीच बाटली परगावी मागवू नये.

उष्णतेने बिअरची चव जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो. त्या दिवसांत ट्रकात, गोदामात तापलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हिरव्या बाटलीवर ऊन पडलं तर हॉप्समधले, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले घटक बिघडतात आणि उग्र दर्प सुटतो. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली, पुढे आणखी आल्या. तिथे बिअर टाकीतून थेट ग्लासात येते. गव्हाची हेफेवाइझन घेऊन बघा, पिकल्या केळीचा वास येतो. केळं त्यात घातलेलं नसतं. आंबवताना यीस्टमुळे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं संयुग तयार होतं, आणि केळीच्या वासातही तेच असतं. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला तो वास कोणी ओळखून द्यायला नको!

धुळ्याचे कोच
भाऊ, चवीबद्दल माझं भांडण नाही. पण तुमची शेवटची शर्यत म्हणजे संघाची शेवटची शर्यत नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी रिले असते. अल्कोहोलमुळे लघवी रोखून धरणारं हार्मोन दबतं, शरीरातलं पाणी जातं, झोपही मोडते. त्यात आपली पोरं त्याच गाडीत, त्याच लॉजवर. महाराष्ट्रात बिअरसाठीही २१ वर्षं पूर्ण लागतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसमोर संध्याकाळभर ‘कुठली बिअर चांगली’ हीच चर्चा चालली तर ती काय शिकतील?

नंदुरबारकर
मला ‘तिथली’ हेच पटत नाही. बार्ली राजस्थान-उत्तर प्रदेशाकडची, हॉप्स बहुतेक परदेशातून येणारे. पुण्याचं त्यात पाण्याशिवाय काय? आपल्या सातपुड्यातली मोहाची दारू खरी मातीतली. फुलं इथली, गाळणारे हात इथले. तिला मान नाही, आणि टाकीतल्या बिअरसाठी चारशे किलोमीटर जायचं?

जळगावचा फ्रीस्टाइलवाला
मोहाला मान मिळायलाच हवा, यात दुमत नाही. पण माल बाहेरून आला म्हणून पदार्थ परका होत नाही, दादा. आपल्या शेवभाजीतला काळा मसाला बघा. लवंग-दालचिनी काय तापीकाठी पिकते? तरी ती भाजी खान्देशाचीच. चव बनवणाऱ्याच्या हातात असते.

कोचसाहेब, रिलेचं मान्य. सगळ्या संघाचं संपल्यावरच. पण प्रमाणही बघा. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांचा ३३० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण साडेसोळा. आपल्या गटातली मंडळी लॉजवर ती स्ट्राँग बाटलीच उघडतात, तेव्हा कोणी बोलत नाही.

भुसावळची बॅकस्ट्रोकवाली
मी या गटातली बाई म्हणून सांगते. आपल्या गावच्या परमिट रूममध्ये मी पाऊल टाकू शकत नाही. लॉजवर पुरुषांच्या खोलीत बाटल्या उघडल्या की आम्ही बायका आपसूक बाहेर. पुण्याच्या ब्रुअरीत सगळे एका टेबलाला बसतो, चाखायला छोटे ग्लास मागता येतात, न पिणारी मैत्रीणही जेवून घेते. मला हे बिअरपेक्षा मोठं वाटतं. मात्र गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. आम्ही रिक्षाने जातो आणि परतीला रात्रीची महाराष्ट्र एक्सप्रेस असेल तर जातच नाही. सामान, मेडल, थकवा आणि त्यात स्टेशनची धावपळ, नकोच ते.

धुळ्याचे कोच
ताई, तुमचा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता. लॉजवर बाटल्या नकोत, हे आता मीच बैठकीत मांडतो. पण संध्याकाळच्या त्या जेवणाचं बिल संघाच्या वर्गणीतून जाणार नाही, आणि पोरं सोबत असतील त्या दौऱ्यात मोठ्यांनीही ब्रुअरीत जायचं नाही. भाऊंना हे जाचक वाटेल. माझ्या भरवशावर पोरं पाठवणाऱ्या आईबापांना मी उत्तर देतो, भाऊ देत नाहीत.

नंदुरबारकर
आणि मोहाचं काय? बैठकीत तेही मांडा.