‘पावती मिळेल’ की ‘पावती भेटेल’? – आणि कानाला खटकणारे इतर शब्द

प्रश्नकर्ती (लातूर)

सोयाबीन खरेदी केंद्रावर लावायच्या सूचनाफलकाचा हिंदी मजकूर मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात ‘तौल के बाद किसान को रसीद मिलेगी’ असे एक वाक्य आहे. मी ‘वजन झाल्यावर शेतकऱ्यास पावती मिळेल’ असे लिहिले. माझ्यासोबत काम करणाऱ्या, औसा तालुक्यातील एका तरुण सहकाऱ्याने ‘मिळेल’ खोडून ‘भेटेल’ केले आणि हा फलक ज्यांनी वाचायचा आहे ते लोक ‘मिळेल’ म्हणतच नाहीत, असे मला सांगितले. माणूस भेटतो आणि वस्तू मिळते, हे आम्हांला शाळेत पक्के शिकवलेले आहे, त्यामुळे ‘पैसे भेटले’, ‘सुट्टी भेटली’ असे कानावर आले की मला अक्षरशः टोचते. तरीही त्याचे म्हणणे झटकून टाकता येत नाही, कारण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात ‘साखर भेटल का’ असेच विचारले जाते. छापील सूचनेत ‘भेटेल’ चालवून घ्यावे काय, आणि ‘भेटणे’ या क्रियापदाला हा अर्थ आला तरी कोठून?

गोदाकाठ (नांदेड)

ताई, मुळीच चालवून घेऊ नये. हा आपल्या भागावर झालेल्या राजवटीचा ठसा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले उच्च शिक्षणही उर्दूतूनच होते. उर्दूत आणि बाजारातल्या दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दू बोलीत, ‘मिलना’ हे एकच क्रियापद माणसासाठीही चालते आणि वस्तूसाठीही. दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्या आपल्या माणसांनी ‘मिलना’चे दोन्ही अर्थ ‘भेटणे’वर लादले. माझे आजोबा जुन्या हैदराबाद संस्थानात पटवारी होते. त्यांची दप्तरे उर्दूत असत, पण घरात मात्र ते ‘मिळणे’ आणि ‘भेटणे’ यांत कधी गल्लत करीत नसत. त्या पिढीने एवढ्या दडपणाखाली जो भेद जपला तो आपण मोकळेपणी राहून हरवावा, याचे मला खरोखर दुःख होते.

वाचक (मूळचे अंबाजोगाईचे, सध्या ठाणे)

नांदेडकर सरांची उपपत्ती आकर्षक असली तरी ती टिकत नाही. मी बरीच वर्षे ठाण्यात राहतो आणि येथे लोकलमध्ये, भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत ‘भेटेल का’ हे सर्रास ऐकतो. ठाणे, मुंबई आणि कोकणचा पट्टा निजामाच्या ताब्यात केव्हाही नव्हता. हिंदी चित्रपट, परप्रांतीय शेजार आणि दूरचित्रवाणी ही कारणे तेथे पुढे केली जातील, आणि ती असतीलही. पण मग मराठवाड्यापुरते निजामाचे कारण वेगळे काढण्याची गरज उरत नाही. आपल्या भागातली कोणतीही न रुचणारी गोष्ट निजामाच्या माथी मारण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

सीमेवरचा (देगलूर)

‘मिळणे’ या क्रियापदाकडेच नीट पाहावे, अशी विनंती आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘मिल्’, म्हणजे एकत्र येणे. ‘नदी समुद्राला मिळते’, ‘सगळे मिळून जाऊ’, ‘मेळा भरला’ या प्रयोगांत तो जुना अर्थ आजही धडधडीत दिसतो. एकत्र येणे या अर्थाचे क्रियापद पुढे हाती येणे या अर्थाने वापरले जाऊ लागले आणि त्याबद्दल आज कोणालाही खंत वाटत नाही. ‘भेटणे’ त्याच वाटेने चालले आहे. जी वाट ‘मिळणे’ने शेकडो वर्षांपूर्वी चालून संपवली, त्या वाटेवर त्याच्या भावंडाने पाऊल टाकले की ती अशुद्धता कशी ठरते, हे मला कोणी समजावून सांगावे.

गोदाकाठ (नांदेड)

समजावून सांगतो. पहिल्या वेळी भाषेला काही लाभले, या वेळी तिचे काही जात आहे. ‘मिळणे’, ‘सापडणे’, ‘गवसणे’, ‘लाभणे’, ‘भेटणे’ ही पाच क्रियापदे मराठीत पाच निरनिराळी कामे करतात. हरवलेली शेळी सापडते, पगार मिळतो, सत्पुरुषाचा सहवास लाभतो, शोधत असलेले सूर गवसतात आणि पाहुणा भेटतो. आता शेळीही भेटते, पगारही भेटतो आणि सहवासही भेटतो. नवा शब्द आल्याबद्दल माझी तक्रार नाही. एक शब्द फुगून चार शब्दांच्या जागा अडवतो, आणि ते चार शब्द मुलांच्या तोंडून नाहीसे होतात, याबद्दल आहे. आमच्या नातवंडांना ‘गवसणे’ हा शब्द अर्थ सांगून शिकवावा लागतो.

शिक्षिका (परभणी)

सरांनी दाखवलेले नुकसान खरे आहे आणि वर्गात ते मला रोज दिसते. ‘म्हणणे’ची गत त्याहून वाईट झालेली आहे. ‘तो मला बोलला की’, ‘आई बोलली जेव’ अशीच वाक्ये मुले लिहितात. गोदावरीच्या काठाने हिंडलेल्या चक्रधरस्वामींच्या लीळा तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या, त्यांत ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ हा प्रयोग पदोपदी येतो. त्याच मातीतल्या मुलांच्या वह्यांतून ‘म्हणाले’ पुसले जात आहे. ‘माझी मदत करा’ हे वाक्यही असेच ‘मेरी मदद करो’च्या साच्यातून आलेले आहे. मराठीत मदत कोणाला तरी केली जाते.

पण मला एक भेद आग्रहाने मांडायचा आहे. हिंदीच्या साच्यातून उतरलेले प्रयोग आणि आपल्या बोलीचे स्वतःचे प्रयोग यांची एकाच माळेत ओवणी होता कामा नये. मी पुण्यात शिक्षणशास्त्राच्या वर्गात असताना ‘तो यायलाय’, ‘काय करायलास’ असे माझ्या तोंडून गेले की वसतिगृहातल्या मुली ते वाक्य माझ्यामागे म्हणून दाखवीत. पुढे मी त्यांच्यासमोर कमी बोलू लागले. ‘यायलाय’ त्यांना खटकत होते ते व्याकरणाच्या कोणत्या नियमाने? त्यांच्या ‘येतोय’इतकाच तो नियमबद्ध प्रयोग आहे. तो सर्व पुरुषांत व वचनांत चालतो, आणि परभणी, नांदेड, लातूर या जिल्ह्यांत अशिक्षितांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वजण घरी तो वापरतात. एखादा शब्द कानाला टोचतो तेव्हा पुष्कळदा तो उच्चारणारा माणूसच ऐकणाऱ्याला नकोसा असतो.

सीमेवरचा (देगलूर)

ताईंनी ‘यायलाय’चा विषय काढला म्हणून मन भरून आले. ‘करायला लागला आहे’ याचे झिजून ‘करायलाय’ झाले, असे मी मानतो. उदगीरकडे ‘करू लालाय’ असे बोलतात, त्यात तर ‘लागला’तला ‘ला’ अजून ऐकू येतो. पुण्यामुंबईच्या मराठीत ‘तो लिहायला लागला’ म्हणजे लिहिण्यास आरंभ झाला. आपल्याकडे तो आरंभाचा अर्थ गळून क्रिया चालू आहे एवढेच उरले. आता सीमेपलीकडची गोष्ट पाहा. उत्तर कर्नाटकातल्या बोलीत ‘मी जात आहे’ याला ‘होगाकत्तेनि’ असे म्हणतात. ते ‘होगलिक्के हत्तेने’ याचे झिजलेले रूप आहे, आणि ‘हत्तु’ या कन्नड क्रियापदाचे अर्थ चिकटणे, चढणे व आरंभ करणे असे होतात. आपल्या ‘लागणे’चेही चिकटणे आणि आरंभ करणे हे दोन अर्थ आहेतच. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी शेजारी राहून एकच युक्ती योजली. बीदरच्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या माणसांच्या तोंडी हे घडले. ज्या प्रयोगात एवढा इतिहास साठलेला आहे त्याला गावंढळ म्हणणाऱ्यांना गाव म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

वाचक (मूळचे अंबाजोगाईचे, सध्या ठाणे)

कन्नडचा दाखला विचार करायला लावणारा आहे, पण साम्य दिसले म्हणजे देवघेव सिद्ध झाली असे होत नाही. विदर्भात ‘करून राहिला’ म्हणतात, तेथे ‘राहणे’ वापरून हेच काम साधलेले आहे. कोणतीही भाषा चालू क्रिया दाखवण्यासाठी लागणे, राहणे, असणे यांतलेच एखादे क्रियापद उचलते.

मुनीम (लातूर, मोंढा)

मूळ प्रश्न बाजूला पडला आहे, म्हणून लिहितो. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, माल मोजल्यावर शेतकऱ्याच्या हाती जो कागद येतो त्याला आमच्याकडे काटापट्टी म्हणतात आणि आडत्याकडून रकमेचा जो कागद येतो ती हिशोबपट्टी किंवा नुसती पट्टी. पावती हा शब्द भरणा केल्याच्या कागदासाठी आहे. त्यामुळे आपण ‘पावती मिळेल’ लिहा अथवा ‘पावती भेटेल’ लिहा, शेतकऱ्याला आधी हेच कळणार नाही की कोणत्या कागदाविषयी बोलणे चालू आहे.

दुसरे असे की, मला स्वतःला सर्वांत जास्त राग येतो तो ‘मिळेल’, ‘देण्यात येईल’, ‘कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यांचा. देणार कोण, करणार कोण, हे त्यांत कधीच नसते. ‘रक्कम खात्यावर जमा करण्यात येईल’ असा फलक वाचून महिनोन्‌महिने खेटे घालणारी माणसे मी माझ्या गादीवर बसून पाहिलेली आहेत, आणि जाब विचारायचा तर विचारावा कोणाला, हे त्या वाक्यात कोठेच लिहिलेले नसते. ‘वजन होताच मापाडी काटापट्टी देईल, ती घेतल्याशिवाय काट्यापासून हलू नका’ असे लिहा. त्यात ‘मिळेल’ही नको आणि ‘भेटेल’ही नको.

निवृत्त ग्रंथपाल (बीड)

मुनीमसाहेबांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. बोलीतले शब्द मला कधी टोचले नाहीत, टोचते ती भाषणातली मराठी. ‘या ठिकाणी’, ‘त्या ठिकाणी’, ‘च्या माध्यमातून’, ‘कुठेतरी असं वाटतं’, ‘निश्चितपणे’, ‘असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही’ या शब्दांवर अर्धा तास भाषण चालते आणि ऐकणारा घरी जाताना हातात काहीच नेत नाही. ‘आपण सर्वजण या ठिकाणी उपस्थित आहात’ यातून ‘या ठिकाणी’ काढून टाका, वाक्याचे काहीही बिघडत नाही. ‘योजनेच्या माध्यमातून लाभ’ यातला लाभ ‘योजनेतून’ किंवा ‘योजनेमुळे’ म्हटल्यानेही तेवढाच राहतो. ‘माध्यमातून’ हा ‘के माध्यम से’चा तर्जुमा आहे, हे तर उघडच आहे. ‘भेटेल’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला अशुद्ध ठरवणारे आपण सुशिक्षित लोक ‘माध्यमातून’ मात्र मोठ्या ऐटीत वापरतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी सरकारी कारभाराची भाषा ठरली याचा मला अभिमान आहे. पण लोकांना समजावे म्हणून आणलेली भाषा लोकांपासून लांब उभी राहणार असेल, तर तिच्याविषयी कठोर बोलण्याचा हक्क आपला आहे.

गोदाकाठ (नांदेड)

ग्रंथपालांशी मी पूर्ण सहमत आहे आणि म्हणूनच माझा मुद्दा अधिक ठाम होतो. ‘माध्यमातून’ हिंदीतून आला म्हणून तो नको असेल, तर ‘भेटणे’चा नवा अर्थ त्याच दारातून आला असताना त्याला माफी कशासाठी? बोलणारा गरीब आहे की पुढारी आहे, यावरून शब्दाची परीक्षा होऊ नये.

निवृत्त ग्रंथपाल (बीड)

परीक्षा कोठून आला यावरूनही होऊ नये, काय काम करतो यावरून व्हावी. मुनीमसाहेबांच्या प्रतिसादातील हिशोब मुळात अरबी आहे. मोंढ्यातले हमाल आणि बारदानाही अरबी-फारसीतून आलेले आहेत, पण त्यांच्यावाचून मोंढा एक दिवस चालणार नाही. ‘साखर भेटल का’ या वाक्याने साखर हाती पडते. ‘या ठिकाणी’ने काय हाती पडते, ते सरांनी सांगावे.

वाचक (जालना)

आमच्याकडच्या ‘कामून’ आणि ‘मपलं-तुपलं’ या शब्दांचाही येथे विचार व्हावा. ‘का म्हणून’चे ‘कामून’ झाले हे सहज दिसते. ‘माझे’ आणि ‘आपले’ मिसळून ‘मपले’ झाले असावे, असा माझा तर्क आहे. ‘मपलं घर’ यात ‘माझं घर’पेक्षा अधिक जवळीक आहे. शहरात शिकायला गेलेली आमची मुले सुट्टीत परत येतात तेव्हा सर्वांत आधी हेच शब्द टाकून आलेली असतात, आणि आजीशी बोलताना अडखळतात.

प्रश्नकर्ती (लातूर)

सर्वांची आभारी आहे. मुनीमसाहेबांचा ‘काटापट्टी’ हा शब्द मी घेतला आणि सहकाऱ्यालाही तो लगेच पटला. मात्र या केंद्रावर मापाडी नाही. काटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि चिठ्ठी यंत्रातून निघते. ती फाडून हातात देण्याचे काम नेमके कोणाचे, हे मी केंद्राला विचारले तेव्हा ‘तसे ठरलेले नाही, मिळेल असेच लिहा’ हे उत्तर आले. देणाराच ठरलेला नसेल तर मुनीमसाहेबांसारखे वाक्य मी कसे लिहावे?

मुनीम (लातूर, मोंढा)

ताई, मग फलक थांबवा आणि आधी त्यांच्याकडून माणूस ठरवून घ्या.

शिक्षिका (परभणी)

जालन्याच्या वाचकांना विचारायचे आहे की, आपल्याकडे ‘मपलं’ स्त्रिया अधिक वापरतात की पुरुष? माझ्या आईच्या माहेरी, जिंतूरकडे, तो शब्द मी केवळ बायकांच्या तोंडी ऐकलेला आहे.

गोदाकाठ (नांदेड)

आमच्याकडे दोघांच्याही. पण ‘भेटेल’चे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.